केंगेले

मुलुंडला आमच्या महापालिकेच्या शाळेत घंटा म्हणून टांगला होता तो रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. व्हरांड्याच्या तुळईला जाड तारेनं बांधलेला, अंगभर गंजलेला. शिपाईमामांची सळई रोज जिथं बसायची तेवढाच भाग, आठ आण्याच्या नाण्याएवढा, चकचकीत. चार वर्षं वर्गात बसून मी त्या ठिपक्याकडे बघितलं. तास संपला की एक टोला, मधल्या सुट्टीचे दोन, आणि शाळा सुटताना मामा हात न थांबवता बडवत सुटायचे. तो आवाज झाला की आमचे पाय आपोआप उठायचे. पुढे स्वतः शिक्षिका झाले तेव्हा कळलं, शाळा मुलांना सगळ्यात आधी हेच शिकवते. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की बसायचं. अक्षरं त्यानंतर.

म्हणून घंटेकडे निव्वळ वस्तू म्हणून मला कधी बघता आलं नाही. शाळेतली ती सगळ्यात जुनी नोकरदार. तिचा शब्द हेडमास्तरांच्याही वरचा. तरी ती काय म्हणते आहे, हे ऐकणाऱ्यावर असतं. एकाच टोल्याला एका पोराला डबा आठवायचा, दुसऱ्याला मैदान, आणि तिसऱ्याला घरी जायचं या कल्पनेनं पोटात गोळा यायचा. तो रुळाचा तुकडा या तिघांना काही वेगवेगळं सांगत नव्हता.

आज जिच्याबद्दल लिहायचं आहे ती घंटा मात्र मुलुंडची नाही. ती मोंबासाला आहे, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. मी तिला फोटोतच पाहिलं आहे. तिचा पत्ता मला आमच्याच इमारतीत लागला.

वरच्या मजल्यावरचे कच्छी काका मोंबासाचे. केनिया स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांनी कुटुंबाबरोबर मुलुंडला आले. दार उघडलं की अजून तोंडातून पहिल्यांदा 'करिबू' निघतं, 'या' मागाहून. एकदा त्यांना मी रुळाच्या तुकड्याची गोष्ट सांगितली, तर म्हणाले, "आमच्याकडे तर घंटेच्या नावाचा स्टॉपच होता. कंडक्टर ओरडायचा, केंगेलेनी! केंगेलेनी!"

केंगेले म्हणजे स्वाहिलीत घंटा. मागे 'नी' लागला की 'घंटेपाशी'. आपली सप्तमी जशी शब्दाच्या शेपटीला चिकटते, तशीच. मोंबासा बेटावरून खाडी ओलांडून पलीकडे गेलं की रस्त्याला लागून, दगडी बांधकामात, ती टांगलेली आहे. भोवती गाड्या, दुकानं, हातगाड्या. घंटा कुणी लावली, का लावली, हे रोज तिथं उतरणाऱ्यांपैकी कितीजणांच्या मनात येत असेल कोण जाणे. नाव मात्र सगळे तिचंच घेतात.

"मोठी आहे का हो?" मी विचारलं.

"लहानपणी वाटायची मोठी," काका म्हणाले.

तिला तिथं आणलं चर्च मिशनरी सोसायटीनं. वस्तीचं नाव फ्रिअरटाउन. हे फ्रिअर म्हणजे आपले बार्टल फ्रिअर, १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर, ज्यांच्या कारकिर्दीत फोर्टचा कोट पाडला. पुढे १८७३ साली ते इंग्लंड सरकारचे वकील होऊन झांजिबारच्या सुलतानाकडे गेले. गुलामांचा बाजार बंद करा, ही मागणी. सुलतानानं त्यांना दाद दिली नाही. बंदराला आरमाराचा वेढा पडेल अशी धमकी आली तेव्हा जूनमध्ये सही केली. बाजार मोडला, पण धंदा चोरून चालू राहिला. आरमाराची जहाजं गुलाम भरून नेणारी गलबतं भर समुद्रात पकडत आणि प्रश्न पडे की ही माणसं आता उतरवायची कुठं? त्यात कितीतरी लहान पोरं, ज्यांना आपलं गाव नीट सांगता यायचं नाही. त्यांच्यासाठी १८७४-७५ मध्ये मोंबासासमोर ही वस्ती वसली.

तिथला दिवस घंटेवर चालायचा. प्रार्थना, मग शाळा, मग काम, पुन्हा प्रार्थना. तिच्याकडे आणखी एक काम होतं असं तिथले लोक सांगतात. गुलाम धरणाऱ्यांची चाहूल लागली की ती वाजवायची. म्हणजे सकाळी जी घंटा 'या, बसा, पुस्तक उघडा' म्हणायची, तीच एखाद्या रात्री 'पळा' म्हणायची. तिची सवय झालेल्या पोरांना दोन्ही आवाजांतला फरक झोपेतही कळत असणार. अशी दुहेरी जबाबदारी आमच्या रुळावर कधी आली नाही.

वस्ती उभी करायला माणसं हवीत. शिकलेली हवीत, सुतारकाम-गवंडीकाम येणारी हवीत, आणि आफ्रिकन हवीत. ती गेली नाशकातून.

नाशकाचा शरणपूर रोड सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या दुकानांच्या पाट्या वाचताना 'शरणपूर' हा शब्द कुणाला खटकत नाही, इतका तो आपला आहे. हे गाव मिशनऱ्यांनी वसवलं. जीव मुठीत धरून पळून येणाऱ्यासाठी बायबलात आश्रयाची नगरं सांगितली आहेत, त्यावरून मराठीत नाव ठेवलं. आरमारानं सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबई बंदरात उतरवली जात, आणि १८६० पासून त्यांतली बरीच शरणपूरच्या आश्रमात येऊ लागली. तिथं इंग्रजी, देशी भाषा, सुतारकाम, लोहारकाम. नावंही तिथंच मिळाली. नाशकातल्या पाद्र्यांची आडनावं मुलांना लागली: प्राइस, फरार, आयझेनबर्ग. सायमन प्राइस. कॅरस फरार. रिचर्ड आयझेनबर्ग. आईनं ठेवलेलं नाव काय होतं, ते बहुतेकांच्या बाबतीत कुठं उरलंच नाही.

आणि इथं मला थांबायचं आहे. या मुलांपैकी कुणी याओ होतं, कुणी मकुआ, कुणी न्यासा सरोवराकडचं. घरी राहिली असती तर आपल्या टोळीचं नाव सांगत मोठी झाली असती. 'आफ्रिकन' हा शब्द त्यांच्या आईबापांच्या तोंडात नव्हता. नाशकात त्यांना शेजारचे शिद्दी म्हणत, मिशनवाले आफ्रिकन म्हणत, आणि एका बाकावर बसून, एका घंटेला उठून, एकमेकांच्या भाषा न कळणारी ही पोरं आपापसांत नव्या भाषेत बोलू लागली. एवढ्या मोठ्या खंडाला आपला देश मानणारी माणसं गोदाकाठी, मराठी मुलखात, शाळेच्या वर्गात तयार झाली. पुढे इतिहासानं त्यांना नाव दिलं 'बॉम्बे आफ्रिकन'. त्यातला प्रत्येक शब्द त्यांना परक्यांनी दिलेला. तरी त्यांनी तो अंगावर वागवला, आणि त्याच्या जोरावर पुढे हक्क मागितले.

१८६५ मध्ये थळ घाटाची चढण रेल्वेला खुली झाली आणि नाशिक-मुंबई गाडी सलग धावू लागली. त्यानंतर बंदराकडे निघालेल्या शरणपूरच्या मुलांची गाडी कसारा, कल्याण, ठाणं करत आमच्या मुलुंडवरून गेली असणार. तेव्हा इथं भातशेती, डाव्या हाताला खाडीची मिठागरं, उजव्या हाताला डोंगर. त्याच वर्षी आफ्रिकेचे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आले होते. शरणपूरची नऊ मुलं त्यांनी बरोबर घेतली आणि जानेवारी १८६६ मध्ये त्यांचं जहाज मुंबईहून झांजिबारकडे सुटलं. दुसरी तुकडी १८७२ मध्ये त्यांच्या मदतीला पाठवली, त्यात जेकब वेनराइट होता.

मे १८७३ च्या सुरुवातीला, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन गेले. सोबत्यांनी त्यांचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं. जेकबनं इंग्रजीतून अंत्यविधीची प्रार्थना वाचली, आणि मग त्या झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली. शरणपुरात अक्षरं शिकवत आणि लाकूडकामही शिकवत. त्या दिवशी दोन्ही एका हातात आली. कोरताना साल उडत असेल, चीक येत असेल, ओल्या लाकडात पातं अडकत असेल. अक्षर मोठं काढावं लागतं, नाहीतर झाड वाढताना गिळून टाकतं. १८९९ मध्ये बुंध्याचा तो तुकडा कापून लंडनला नेला, रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे. मृतदेह सोबत्यांनी हजार मैलांहून जास्त अंतर खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत आणला, आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी वाहणाऱ्यांत जेकब होता. नाशकाच्या शाळेतला मुलगा. आमच्या पाठ्यपुस्तकात लिव्हिंग्स्टन होता, जेकब नव्हता. मला तो वयाच्या पन्नाशीत भेटला, याची हळहळ अजून जात नाही.

पुन्हा घंटेकडे येते. शरणपुराहून गोदावरी लांब नाही. पंचवटीच्या काठावर नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ चं, आणि त्याच्या दर्शनी भागात एक मोठी घंटा टांगलेली आहे. नाशिककर पूर मोजतात तो तिच्यावर. घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. ही घंटा पोर्तुगालची, १७२१ ची. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा चर्चमधल्या घंटा काढून आणल्या, आणि महाराष्ट्रभर देवळांत लावल्या. ही त्यांतली एक. चर्चसाठी ओतलेली, महादेवापुढे वाजू लागली आणि शेवटी नदीची राखणदार झाली. तिनं तक्रार केली नाही. ओतणाऱ्याचा हेतू तिच्या धातूत राहिलाच नाही. राहिला फक्त आवाज.

त्याच मोहिमेत साष्टीही मराठ्यांकडे आली, म्हणजे आजची आपली उपनगरं. बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यात गेलात तर एका भिंतीवर खोदलेला क्रूस दिसतो. लेणं मूळ शिवाचं. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तिथं चर्च केलं आणि वरच्या टेकाडावर मठ आणि विद्यालय बांधलं, त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. म्हणजे मिशनची शाळा बोरिवलीला इंग्रजांच्या कितीतरी आधी आली. आता लेण्यात पुन्हा पूजा होते. तिथल्या घंटेचं पुढे काय झालं, हा प्रश्न मला त्या भिंतीपाशी उभं राहिल्यावर प्रत्येक वेळी पडतो.

फ्रिअरटाउनच्या केंगेलेचं पुढचं आयुष्य मात्र कागदोपत्री सापडतं, कारण तिच्या आवाजावर वाढलेली माणसं लिहिती होती. नाशकाहून दीडशेच्या आसपास बॉम्बे आफ्रिकन तिकडे गेले. काही त्याही आधी गेले होते. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड १८६४ मध्येच मोंबासामागच्या राबाई गावी पोचले. हे लोक शिक्षक झाले, दुभाषे झाले, मिस्त्री झाले. गोऱ्या पाद्र्यांना त्यांच्यावाचून एक दिवस निभावता येत नव्हतं. पण पगार वेगळा, मान वेगळा. त्यांचं इंग्रजी, त्यांचा पोशाख, त्यांचं बरोबरीनं बोलणं पाद्र्यांच्या डोळ्यांत खुपायचं. खरं सांगायचं तर बॉम्बे आफ्रिकन मंडळीही किनाऱ्यावरच्या अडाणी भाऊबंदांकडे जरा वरूनच बघत. शिकलेल्या माणसाचा हा दोष आपल्याकडेही आहे, आणि त्यांच्यात तो होता हे लपवण्यात अर्थ नाही.

तरी वेळ आली तेव्हा ते उभे राहिले. फ्रिअरटाउनचा गोरा अधीक्षक लोकांना फटके मारायचा, डांबून ठेवायचा. १८८१ च्या सुमारास त्याच्याविरुद्ध तक्रारी झाल्या, चौकशी झाली, त्याला जावं लागलं. गुलामीतून सोडवून आणलेल्यांना पुन्हा चाबूक, हे घंटेनं रोज ऐकलं असेल. तिच्याच शाळेत शिकलेल्या पोरांनी त्या चाबकाबद्दल इंग्रजीत अर्ज लिहिले, ज्या इंग्रजीत त्यांना आज्ञाधारक व्हायला शिकवलं होतं.

राबाईची गोष्ट याहून मोठी आहे. किनाऱ्यावरच्या मालकांचे गुलाम पळून राबाईला येऊ लागले. मिशननं मालकांना शब्द दिला होता की पळून आलेल्यांना आम्ही ठेवणार नाही. पण राबाईचा कारभार विल्यम जोन्सकडे होता, आणि जोन्स स्वतः विकला गेलेला मुलगा होता. दारात आलेल्याला तो परत कसा पाठवणार? त्याच्या लहानपणीच्या गावाचं नावच शरणपूर. १८८८ मध्ये मालक चिडून उठले तेव्हा मोजदाद झाली. राबाईसारख्या ठाण्यांवर पळून आलेले सुमारे १४०० निघाले. अखेर इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेन्झीनं मालकांना पैसे मोजले आणि १ जानेवारी १८८९ ला त्या लोकांना मुक्तीचे कागद वाटले. कागद वाटणाऱ्याचं नाव पुस्तकांत ठळक आहे. मला त्या दिवशी रांगेमागे उभा असलेला जोन्स दिसतो. तीन वर्षांपूर्वी बिशप हॅनिंग्टनबरोबर तो युगांडाच्या वाटेवर गेला होता. बिशप मारले गेले, आणि उरलेला काफिला त्यानं राबाईला परत आणला होता, शोकाचा निळा झेंडा पुढे धरून.

हे सगळं झालं तेव्हा 'आफ्रिकन राष्ट्रवाद' हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. तो पुढच्या पिढीचा, आणि त्या पिढीची यादी काढावी तर पुन्हा मिशनच्या शाळाच निघतात. जोमो केन्याटा नैरोबीजवळच्या थोगोटोच्या स्कॉटिश मिशनमध्ये अक्षरं शिकले. दक्षिण आफ्रिकेत अल्बर्ट लुथुली ॲडम्स कॉलेजात, मंडेला हील्डटाउनच्या मेथॉडिस्ट शाळेत. १९१५ मध्ये न्यासालँडला बंड करणारे जॉन चिलेंब्वे स्वतःच मिशन चालवत. १९२९ मध्ये मुलींच्या सुंतेवरून केनियातल्या गिकुयू लोकांचं आणि मिशनचं बिनसलं, तेव्हा त्यांनी शाळाच सोडून दिल्या असत्या तर गोष्ट संपली असती. तसं झालं नाही. आईबापांनी वर्गणी काढून स्वतःच्या स्वतंत्र शाळा उभ्या केल्या. प्रथा वाईटच होती, त्यात माझ्या मनात शंका नाही. पण शाळा मात्र त्यांना आता कुणी दिलेली नको होती, आपली हवी होती. मिशननं लावलेली गोडी मिशनला सोडूनही सुटली नाही.

आपल्याकडे याहून वेगळं घडलं नाही. बोरिवलीहून गोराईची खाडी ओलांडली की किनाऱ्यानं वर उत्तन लागतं. काका बॅप्टिस्टांचं घराणं मूळ तिथलं. जोसेफ बॅप्टिस्टा १८६४ मध्ये जन्मले. जोन्स राबाईला पोचला तेच साल. माझगावच्या सेंट मेरीजमध्ये शिकले, पुढे केंब्रिजला गेले, आणि टिळकांचे वकील आणि जिवाभावाचे सहकारी झाले. १९१६ मध्ये होमरूल लीग निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष काका बॅप्टिस्टा. पाद्र्यांच्या घंटेला उठलेला हा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातला मुलगा टिळकांच्या मांडीला मांडी लावून बसला, आणि कुणाला त्यात विसंगती वाटली नाही. माझगाव काय, फ्रिअरटाउन काय, पोरांनी पुस्तकातलं जे वाक्य उचलायला नको होतं नेमकं तेच उचललं.

फ्रिअरटाउनच्या मुक्त गुलामांच्या वंशात जेम्स म्बोटेला नावाचे शिक्षक झाले. १९३४ मध्ये त्यांचं स्वाहिली पुस्तक छापून आलं, 'उहुरु वा वातुम्वा', म्हणजे गुलामांची मुक्ती. मुळात अरबीतल्या 'हुर्र'वरून आलेला हा शब्द. ज्याच्या पायातली बेडी काढली त्याच्यापुरता. 'उहुरु' म्हणजे तू आता कुणाच्या मालकीचा नाहीस. तीस वर्षं उलटायच्या आत हाच शब्द सभांत हजारोंच्या तोंडी होता, आणि १२ डिसेंबर १९६३ च्या मध्यरात्री केनियाचा झेंडा चढला तेव्हा त्याचा अर्थ स्वातंत्र्य असा झाला होता. एका माणसाच्या कागदावरचा शब्द अख्ख्या देशाचा झाला. आपलं 'स्वराज्य'ही शिवाजी महाराजांपासून टिळकांपर्यंत असंच वाढत आलं. शब्द तोच राहतो, पण त्याच्या अंगणात माणसं वाढत जातात.

वरच्या मजल्यावरच्या कच्छी काकांना मी हे सगळं सांगितलं. मोंबासात वाढूनही त्यातलं बरंचसं त्यांना नवीन होतं. त्यांची शाळा वेगळी होती, हिंदी पोरांची. आफ्रिकी पोरांची शाळा वेगळी, गोऱ्यांची वेगळी. "तेव्हा असंच होतं," ते म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "एकदा मी तिला दगड मारला होता."

"केंगेलेला?"

"नऊ-दहा वर्षांचा असेन. बरोबरचा पोरगा तिथलाच होता, त्यानं हात धरला. म्हणाला, ही आमच्या आजोबांची आहे."

"मग?"

"दगड तर सुटला होता. वाजली."

कसा आवाज आला, मी विचारलं. काकांनी टीपॉयवरच्या स्टीलच्या पेल्यावर अंगठी आपटली आणि मान हलवली. काकींनी आतून देवघरातली घंटी आणून दिली, ती त्यांनी हातातही घेतली नाही. मग स्वयंपाकघरात गेले, वरच्या फळीवरून पितळी हंडा उतरवायला लावला, पालथा घातला, आणि मुठीनं एक ठोका दिला. हंडा घुमला.

"याहून जाड," ते म्हणाले, आणि आवाज विरेपर्यंत हंड्यावर तळवा ठेवून तसेच उभे राहिले.